न्याय बांधापर्यंत पोहोचावा

बांधाचा वाद, वाटणीचा दावा, फेरफारावरील हरकत. बेंबळीसारख्या गावातील शेतकऱ्याला न्यायालयाची पायरी चढावी लागते ती अशाच कारणांनी. वकील गाठायचा तो धाराशिवला, तोही कुणाच्या ओळखीने. वकीलपत्रावर न वाचताच सही होते आणि पुढे तारखांमागून तारखा पडत जातात.

वस्तुतः १९७६ साली घटनेत आलेल्या ३९-अ कलमाने मोफत विधी साहाय्याचे तत्त्व स्वीकारले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या बाराव्या कलमान्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे बांधव व दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळू शकतो. मात्र हक्क कागदावर असणे आणि तो माणसाला ठाऊक असणे यांत मोठे अंतर आहे.

पदरचा वकील नेमणाऱ्यानेही शुल्क आधी ठरवावे, पावती मागावी, मूळ कागद जपावेत. दाव्यातील मिळकतीत वाटा मागणे वकिली आचारसंहितेलाच मान्य नाही, हेही ध्यानी ठेवावे.

दत्तोपंत ठेंगडींच्या प्रेरणेने १९९२ साली अधिवक्ता परिषद उभी राहिली. तिच्याशी जोडलेल्या वकिलांनी महिन्यातील एक दिवस अशा गावांना द्यावा. कार्यकर्त्यांनी गरजूंचे अर्ज भरून द्यावेत. भावाभावांतील वाद शक्यतो लोकअदालतीत मिटवावा. तेथे न्यायालय शुल्क परत मिळते आणि घरही सांधले जाते. समाजाने एवढे केले, तर दुर्बलाला न्याय परका वाटणार नाही.