दरपत्रकाशेजारची रिकामी जागा

‘ही ज्ञात गुंतागुंत आहे. संमतीपत्रावर तुमची सही आहे.’ मेंदूतली गाठ काढल्यानंतर वॉर्डातच मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) होऊन दगावलेल्या माणसाच्या भावाला या आठवड्यात रुग्णालयाने एवढंच लेखी उत्तर दिलं. ते पत्र वाचल्यापासून माझा संताप शमलेला नाही.

गुंतागुंत ज्ञात आहे, हे खरंच. कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हा आजार साधारण शंभरातल्या एकाला होतो. मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी नळी बसवली की धोका कैक पटींनी वाढतो. जंतू शिरतात कुठून, हेही ज्ञात आहे. खाटेशेजारच्या स्टँडवर, रुग्णाच्या कानाच्या पातळीशी जुळवून ती नळी लावलेली असते. नमुना घ्यायला कुणी नीट हात न धुता तिची तोटी उघडली, की थेट मेंदूपर्यंत वाट मोकळी. जखमेतून पाणी झिरपून उशी ओली होत असेल, तर तीही तसलीच वाट. आपल्या आयसीयूंमधले ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे जंतू आता बऱ्याचदा कार्बापेनेमसारख्या जोरकस प्रतिजैविकांनाही दाद देत नाहीत. उरतं कोलिस्टिन. शिरेतून दिलेलं कोलिस्टिन मेंदूच्या पाण्यात पुरेसं उतरत नाही, म्हणून ते मेंदूच्या पोकळीतच सोडावं लागतं.

एवढं ठाऊक असताना चौकशी का नाही?

बाळंतपणातला मृत्यू आठवा. बाळंतिणीचा रक्तस्राव, तिला येणारे झटके यांनाही ‘व्हायचंच’ म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या सोडून दिलं होतं. 2010 पासून देशात प्रत्येक मातामृत्यूची छाननी करायची पद्धत आली. घरून निघायला उशीर का झाला, गाडी किती वाजता मिळाली, रक्ताची पिशवी कधी आली, हे सगळं नोंदवायचं असतं. काही प्रकरणं जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातात आणि तिथे दगावलेल्या बाईच्या घरच्यांनाही बोलावतात. सरकारी अधिकारी, डॉक्टर आणि सासर-माहेरची माणसं एका खोलीत बसतात. 2001-03 मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये 33. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, 108 ची रुग्णवाहिका आली, त्यांचा वाटा मोठा आहे. तरी माझं ठाम मत आहे की प्रत्येक मृत्यूचा जाब विचारला जाऊ लागला, म्हणून रक्तपेढीचा फोन लवकर उचलला जाऊ लागला.

मेंदूच्या वॉर्डातल्या मृत्यूला मात्र ना नोंदवही, ना बैठक. खासगी रुग्णालयाने दरपत्रक लावलंच पाहिजे, असं राज्याचे 2021 चे नियम सांगतात. त्याच भिंतीवर जंतुसंसर्गाचा वर्षाचा आकडा लावा, ही मागणी मी इथे वारंवार करतो आहे आणि करत राहणार आहे. आकडा जास्त दिसला तर रुग्ण घाबरतील, असं मला सांगितलं जातं. घाबरू देत, सही करण्याआधी घाबरण्याचा त्यांना हक्क आहे.

त्या भावाचे प्रश्न साधे आहेत. नळी किती दिवस ठेवली होती? ती कितीदा उघडली? ताप आल्यावर पाण्याचा नमुना कल्चरला कधी पाठवला, प्रतिजैविक सुरू करण्याआधी की नंतर? त्या महिन्यात त्याच वॉर्डात आणखी कुणाला हाच जंतू सापडला का? ही उत्तरं केसपेपरात आणि प्रयोगशाळेच्या वहीत असतात. त्याला ती समोर बसवून दिली पाहिजेत.