विश्लेषण : संशयिताच्या लॅपटॉपमध्ये सरकार शिरू शकते का?

एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी रोना विल्सन यांच्या दिल्लीतील घरातून लॅपटॉप जप्त केला. त्यातील पत्रे हा खटल्याचा मोठा आधार. बचाव पक्षाने त्याची प्रत 'आर्सेनल' या अमेरिकी फॉरेन्सिक कंपनीकडून तपासून घेतली. २०२१ मधील तिच्या अहवालानुसार, जून २०१६ मध्ये ईमेलद्वारे 'नेटवायर' मालवेअर आत शिरले आणि तब्बल २२ महिने लॅपटॉप कोणाच्या तरी ताब्यात होता. पत्रेही त्यानेच ठेवली. हा 'कोणी' कोण, हे अहवालात नाही. एनआयएला हा निष्कर्ष मान्य नाही.

कायदा काय सांगतो? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ संगणकातील माहितीवर पाळत ठेवू देते. केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये १० यंत्रणांना हा अधिकार दिला. परवानगी मात्र गृहसचिव देतात, न्यायाधीश नव्हे. हॅकिंग तर याच कायद्याने गुन्हा आहे. 'स्पायवेअर' हा शब्द कलमात शोधून सापडत नाही.

फोन टॅप करणारा फक्त ऐकतो. स्पायवेअर वाचते आणि लिहूही शकते, खरी गोम इथेच आहे. जप्तीवेळी घेतलेली 'हॅश व्हॅल्यू' नंतर बदल झाला नाही एवढेच दाखवते. जप्तीपूर्वी कोण आत होते, हे नाही. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत घडणाऱ्या उपनिरीक्षकांना हा फरक पहिल्याच पाठात शिकवायला हवा. विल्सन यांना जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, तोही खटला रखडल्यामुळे. लॅपटॉपचा प्रश्न अजून न्यायालयातच आहे.