कल्याणला उतरून बघितलं

आम्हा लासलगावकरांना कल्याण पाठ आहे ते फलाटापुरतं. पंचवटी एक्स्प्रेसमधून उतरायचं, जिना चढायचा, लोकल धरायची. वीस वर्षांत स्टेशनाबाहेर म्हणून पाऊल टाकलं नव्हतं. गेल्या रविवारी पारनाक्याच्या आत्याने दटावलं, तेव्हा कांदाचाळीतला पाच किलो उन्हाळ कांदा पिशवीत भरला आणि गेलो.

स्टेशनासमोरच्या कोंडीतून रिक्षा सुटली तशा गल्ल्या अरुंद होत गेल्या. इमारतींच्या बेचक्यात एखादा वाडा अजून तग धरून होता. दगडी जोतं, लाकडी खांब आणि दरवाजाच्या आडोशाला लावलेली स्कूटर. आत्याने आधी कांद्याची मान दाबून बघितली. ‘‘सुकलाय. टिकेल,’’ म्हणाली आणि मगच चहा टाकला.

नंतर तिनेच फिरवलं. इथलं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. पुढच्याच वर्षी याच गावात आनंदीबाई जोशी जन्मल्या. पण मला खिळवलं ते खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्याने. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि आरमाराची सुरुवात केली ती याच खाडीत. वर उभं राहिलं की उमगतं, गावाचं तोंड खाडीकडे आहे. रेल्वे आली १८५४ मध्ये. तेव्हापासून आपण सगळे मागच्या दाराने येतोय.

समोरच्या दाराने कोण कोण आलं! कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचे व्यापारी, सोनार, लोहार दान देताना भेटतात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तकातही कल्याण आहे. त्यात लिहिलंय, की पूर्वी इथे रीतसर बाजार होता, पण राज्य बदललं आणि बंदरावर निर्बंध आले. चुकून एखादं ग्रीक जहाज लागलंच, तर पहाऱ्यात भडोचला नेत. डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत कांद्याची निर्यातबंदी झाली, लासलगावात लिलाव बंद पडले. ते ज्याने पाहिलंय, त्याला या मजकुराचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

आत्याला मी हे सगळं तावातावाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, ‘‘म्हणजे तेव्हा इथे माल स्वस्त झाला असेल, नाही?’’

मी काही बोललो नाही. पाच किलो तर फुकटच दिले होते.