खुर्ची तिची, कारभार कुणाचा?



मध्यंतरी कंधार तालुक्यातल्या एका गावी बैठकीला गेले होते. सरपंचताईंना विचारले, "यंदा पाण्याचे काय ठरवले?" उत्तर त्यांच्या यजमानांनी दिले. निघताना ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, सही माझीच असते बघा, पण कागदावर काय हाय ते कुणी सांगत न्हाई."

परतताना मला अमेरिकेतली एक जुनी निवडणूक आठवली. तिथे राज्यपालाची नेमणूक होत नाही. लोक त्याला थेट निवडून देतात आणि राज्याचा कारभार त्याच्याच हाती असतो. १९२४ साली दोन राज्यांनी प्रथमच बाई राज्यपाल निवडली. तेव्हा निजामाच्या राज्यातल्या आपल्या आज्यांनाच काय, आजोबांनाही राज्यकर्ता निवडण्याचा हक्क नव्हता.

टेक्सासच्या मिरियम फर्ग्युसन यांचे पती माजी राज्यपाल. १९१७ साली महाभियोगात त्यांचे पद गेले, पुन्हा उभे राहण्यावर बंदी आली, म्हणून पत्नी उभी राहिली. एकाच्या मोलात दोन राज्यपाल मिळतील, असा उघड प्रचार झाला. वायोमिंगच्या नेली रॉस यांचे पती पदावर असतानाच ऑक्टोबरात वारले आणि नोव्हेंबरात त्या निवडून आल्या. खुर्ची दोघींना नवऱ्यामुळेच मिळाली. पण नेलीबाईंनी कारभार स्वतः केला आणि पुढे १९३३ पासून वीस वर्षे देशाच्या टांकसाळीचा कारभारही सांभाळला. नवऱ्याच्या वाटेने न येता निवडून आलेली पहिली बाई राज्यपाल, एला ग्रासो, दिसायला मात्र १९७४ उजाडले.

आपल्याकडे पंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरपंचाची थेट निवड २०१७ साली आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. मत बाईच्या नावावर पडते आणि कारभार 'सरपंचपती' करतो. अशा बाईला 'रबरी शिक्का' म्हणून आपणही हसतो. हे थांबवले पाहिजे. ती कशी निवडून आली यापेक्षा, निवडून आल्यावर तिच्यासोबत कोण बसले, हा खरा प्रश्न आहे. आज नवरा बसतो, कारण आपण बसत नाही.

ग्रामनिधीच्या धनादेशावर तिची सही लागते. सही करण्यापूर्वी कागद वाचून घेण्याचा हक्कही तिचाच आहे. प्रत्येक गटाने जवळच्या एका तरी सरपंचताईसोबत अंदाजपत्रक ओळीओळीने वाचावे. ग्रामसभेआधीची महिला सभा कागदावर न उरकता भरवावी.

पन्नास वर्षे वाट पाहायला आपल्याला सवड नाही.