सोळा दिवसांची किंमत

जगातले पहिले प्रवासी जेट विमान ‘कॉमेट’ मे १९५२ मध्ये नियमित सेवेत आले. १० जानेवारी १९५४ रोजी त्यातले एक रोमहून निघाले आणि एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. ३५ जण दगावले. कॉमेटची उड्डाणे थांबली. पण खरे कारण सापडण्याआधीच, सुचतील त्या दुरुस्त्या करून, २३ मार्चला ती पुन्हा सुरू झाली. अवघ्या सोळा दिवसांत, ८ एप्रिलला, नेपल्सजवळ दुसरे विमान पडले. आणखी २१ बळी.

महत्त्वाचा धागा दिला तो डॉक्टरांनी. शवविच्छेदनात फुप्फुसे फाटलेली आढळली. केबिनमधला हवेचा दाब क्षणात नाहीसा झाल्याची ती खूण होती. मग फार्नबरोच्या शास्त्रज्ञांनी एका कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवला आणि दाब हजारो वेळा वाढवून उतरवला. अखेर पत्रा फाटला, तो खिडकीच्या कोपऱ्यापाशी. तार वारंवार वाकवली की तुटते, तसाच धातू प्रत्येक उड्डाणागणिक थकत होता.

ब्रिटनने हे दडवले नाही. १९५५ मध्ये चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांनाही त्यातून शिकता आले. आजचा प्रवासी त्याच ज्ञानाच्या भरवशावर उडतो. अपघातानंतर ‘दोषी कोण’ हे लगेच विचारले जाते. ‘का घडले’ याच्या उत्तराला मात्र वेळ द्यावा लागतो. तो न दिल्याची किंमत त्या २१ जणांनी मोजली.