वायुवेगमापक आणि पडताळ्याचे शिक्षण

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की स्टेशनरीच्या दुकानांत तयार प्रतिकृती विक्रीस येतात. पालक त्या विकत घेतात आणि विद्यार्थी त्यावर आपले नाव चिकटवतात. ज्या समाजाला शतकानुशतके ज्ञानापासून दूर ठेवले गेले, त्याच्या मुलांनी विकतच्या ज्ञानावर समाधान मानावे, हे मला पटत नाही. निवासी शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याने मोजमापाचे एक तरी साधन स्वतः घडवावे आणि आरंभ वायुवेगमापकापासून करावा, असे माझे मत आहे.

त्याला खर्च जवळजवळ नाहीच. प्लास्टिकचे दोन जुने चेंडू मधोमध कापले की चार वाट्या होतात. दोन पट्ट्यांची फुली करून तिच्या टोकांना त्या बसवाव्यात. प्रत्येक वाटीची पाठ फिरण्याच्या दिशेला असावी. मध्यभागी लहानसे बेअरिंग लावावे. एक वाटी रंगवली की मिनिटातील फेरे मोजता येतात. वाटी केंद्रापासून 10 सेंटिमीटरवर असेल, तर एका फेऱ्यात ती सुमारे 63 सेंटिमीटर अंतर कापते.

मात्र वाटी वाऱ्यापेक्षा मंद फिरते. किती मंद, हा खरा प्रश्न. चार वाट्यांचे हे यंत्र आयर्लंडचे खगोलशास्त्रज्ञ थॉमस रॉमनी रॉबिन्सन यांनी 1846 साली सिद्ध केले. वाट्यांचा व दांड्यांचा आकार कोणताही असो, वाऱ्याचा वेग वाटीच्या तिप्पट असतो, असे त्यांचे मत होते. पुढे अनेक वर्षे हा आकडा प्रमाण मानला गेला. नंतरच्या प्रयोगांनी तो खोडून काढला. आकारानुसार गुणक बदलतो, हे सिद्ध झाले. कोणी थोर माणसाने सांगितले म्हणून मानू नका, पडताळून पाहा, ही तथागतांची शिकवण विज्ञानाच्या इतिहासात अशी वारंवार भेटते.

म्हणून गुणकही विद्यार्थ्यानेच शोधावा. वारा पडलेल्या पहाटे मैदानावर 100 मीटर अंतर आखावे. सायकलच्या पुढच्या बाजूस काठीवर यंत्र उंच बांधावे. ते अंतर 20 सेकंदांत कापले, तर वेग ताशी 18 किलोमीटर होतो. तेवढ्या वेळातील फेरे मोजावेत, परतीचेही मोजावेत आणि सरासरी काढावी. वेग बदलून हेच पुन्हा करावे. या पडताळ्याविना ते यंत्र केवळ भिरभिरे होय.

कुलाब्याची वेधशाळा 1826 साली कंपनी सरकारने स्थापन केली. स्वातंत्र्यानंतर अन्ना मणी या भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीने पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणे देशातच घडावीत यासाठी परिश्रम घेतले. तरीही कुलाब्याचा आकडा कुलाब्याचाच असतो. पारसिकच्या टेकडीआड आणि पनवेलच्या खाडीकाठी वारा निराळा वाहतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकले. त्या दिवशी आपापल्या गच्चीवर वाऱ्याचा वेग किती होता, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

वसतिगृहाच्या गच्चीवर असे एक यंत्र आणि त्याशेजारी मुलांच्या हातची नोंदवही असावी. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भेट द्यायचीच असेल, तर तयार यंत्राऐवजी एक रविवार द्यावा आणि मुलांसोबत बसून ते घडवावे.