गारवा कोणाच्या खोलीत?

वैशाख लागला की आमच्या मानपुरात घरोघरी एकच चर्चा सुरू होते : यंदा एसी घ्यावयाचा की नाही, आणि घ्यावयाचा तर कोणता? ही चर्चा ओसरीवर सुरू होते, जेवणाच्या पानावर रंगते आणि पुष्कळदा शेजाऱ्याने कोणते यंत्र आणले यावर संपते. दुकानदाराने सांगितले ते, किंवा मुंबईच्या मामांकडे आहे ते, असा निवाडा होऊन हजारो रुपये खर्ची पडतात. आमच्या मते हा निवाडा उलट्या टोकाकडून केलेला असतो. यंत्र कोणते, हा शेवटचा प्रश्न आहे. त्याच्या आधी विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत, आणि ते आमच्या विद्यार्थिमित्रांनाही सोडविता येण्यासारखे आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

मालव्याची रात्र, काशीची सकाळ आणि अवधची सायंकाळ यांची कीर्ती आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो आहोत. दिवसभर ऊन कितीही तापले तरी काळोख पडताच पठारावर वारा सुटावा आणि अंगणातल्या बाजेवर गाढ झोप लागावी, हे मालव्याचे वैभव. विंध्याचा घाट उतरून निमाडात गेलेल्यांना त्याची किंमत लवकर कळते. पण आता अंगणे राहिली नाहीत, बाजाही राहिल्या नाहीत. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खोलीत ओततो. बाहेर गार वारा असूनही आत माणूस तळमळतो. दोष सर्वस्वी हवेचा नाही. आपण घर कसे बांधले, त्याचाही आहे.

आपल्या पूर्वसूरींनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे कोण म्हणेल? जवळच्याच मांडवगडावर मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध जहाजमहाल उभा आहे. तेथील चंपा बावडीलगत भूमीच्या पोटात खोल्या काढलेल्या आहेत. उन्हाळ्यात तेथे पाण्याचा आणि मातीचा गारवा एकत्र मिळे. आमच्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, मधला चौक, दारावर टांगलेले वाळ्याचे ओले पडदे, ही त्याच विचाराची सामान्यांना परवडणारी रूपे होती.

आणि नव्या विद्येचा आरंभही आमच्या प्रदेशाला परका नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० नंतरच्या काळात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. वातानुकूलन बसविलेल्या भारतातील अगदी पहिल्या निवासांत त्याची गणना होते. त्याच्या सुमारे तीस वर्षे आधी, १९०२ साली, अमेरिकेत विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतील दमटपणा आवरणारे यंत्र सिद्ध केले होते. ते माणसांच्या सुखासाठी नव्हते. ब्रुकलिनच्या एका छापखान्यातील कागद दमट हवेने फुगू-आकसू नये आणि रंग जागच्या जागी उमटावेत यासाठी होते. छापखान्यातून राजवाड्यात आणि राजवाड्यातून आपल्या आळीत, असा या यंत्राचा प्रवास आहे.

हे यंत्र थंडी निर्माण करते, ही समजूत चुकीची आहे. ते खोलीतील उष्णता उचलते आणि बाहेर फेकते. विहिरीतून पोहऱ्याने पाणी उपसावे तसे हे उष्णतेचे उपसणे होय. पोहरा किती मोठा, हे ‘टना’त सांगतात. टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. सुमारे ९०० किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तितकी उपसण्याची शक्ती म्हणजे एक टन; आजच्या मापात सुमारे साडेतीन किलोवॅट. बर्फाच्या कारखान्यांच्या काळातील हे माप अद्याप टिकून आहे.

आता पहिला प्रश्न : आपल्या हवेत या यंत्राची गरज किती? माठातले पाणी गार का होते, हे शाळेत शिकविले जाते. पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते. वाळ्याच्या पडद्यामागे हेच तत्त्व आहे आणि आजच्या कूलरमागेही हेच. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ अधिक आणि गारवा अधिक. मालव्यात मार्चपासून पाऊस येईपर्यंत हवा कोरडी असते. म्हणून येथे कूलर जे काम करतो ते मुंबईत किंवा रत्नागिरीत कधीच करणार नाही. तेथे हवाच ओली, वाफ व्हावी कोठून? मुंबईच्या मामांनी एसी घेतला तो योग्यच केला. पण त्यांचे अनुकरण करताना आपण समुद्र घाटावर आणू शकत नाही. कूलर साधारण एक-दोन पंख्यांहून थोडी अधिक वीज घेतो. एसी त्याच्या कित्येक पट.

कूलरचे दोषही झाकून ठेवू नयेत. त्याला तासाला काही लिटर पाणी लागते, आणि ज्या घरी उन्हाळ्यात हंडे मोजून पाणी भरावे लागते तेथे ही लहान गोष्ट नव्हे. त्यातील पाणी साचून राहिले तर डेंग्यूचे डास होतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासावीच लागते. पाऊस सुरू होताच तो निरुपयोगी होऊन घर उलट दमट करतो. एवढे मान्य करूनही, मानपुरासारख्या गावी बहुतेक घरांस अगोदर छतावर चुन्याचा पांढरा हात, पश्चिमेच्या खिडकीला पडदा, चांगला पंखा आणि कूलर, हाच क्रम योग्य आहे असे आमचे मत आहे.

तथापि एसीला सरसकट चैन म्हणणारांशीही आम्ही सहमत नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेच्या लाटेने मोठी प्राणहानी झाली, आणि २०१३ साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाची स्वतंत्र योजना आखली. त्या अनुभवाचा धडा असा की, उष्णता सर्वांना सारखी छळत नाही. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, तहान उशिरा जाणवते, हृदयाला श्रम अधिक पडतात. तान्ह्या मुलाला तर सांगताही येत नाही. रात्रीही शरीर निवले नाही तर दिवसाचा ताप साठत जातो. अशा घरात एसी ही चैन नसून औषध आहे. आणि औषध मात्रेनेच घ्यावयाचे असते.

मात्रा कशी ठरवावी? दहा फूट गुणिले बारा फुटांच्या खोलीला सामान्यतः एक टन पुरतो. दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांना दीड टन. खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली किंवा पश्चिमेकडे असेल तर थोडे अधिक धरावे. ‘मोठा घेतला की बरा’ हा समज चुकीचा आहे. साधे मोठे यंत्र खोली झटकन गार करून बंद पडते, पुन्हा सुरू होते, आणि हवेतील ओल मात्र नीट काढत नाही. फार लहान यंत्र अखंड धापा टाकते. इन्व्हर्टर जातीचे यंत्र गरजेप्रमाणे वेग कमी-अधिक करते, म्हणून रात्रभर चालवावयाचे असेल तर तेच किफायतीचे.

यंत्रावर चिकटविलेले ताऱ्यांचे लेबल ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी या सरकारी संस्थेच्या नियमांनुसार असते. नुसते तारे मोजून थांबू नये. त्यावर वर्षाला १,६०० तास धरून लागणारे युनिट आणि आयएसईईआर नावाचा आकडा असतो. तो आकडा जितका मोठा तितकी त्याच गारव्याला वीज कमी. लेबल कोणत्या काळातील आहे तेही पाहावे, कारण कसोटी वेळोवेळी कडक होत जाते.

येथे आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांस काम आहे. समजा, आयएसईईआर ४ असलेले यंत्र तासाला सरासरी एक युनिट घेते, आणि ते ९० रात्री आठ-आठ तास चालते. म्हणजे ७२० युनिट. तेवढ्याच गारव्याला आयएसईईआर ५ असलेले यंत्र ५७६ युनिट घेईल. बचत १४४ युनिटांची. युनिटला ७ रुपये धरल्यास वर्षाला सुमारे १,००० रुपये. महागड्या यंत्राची किंमत ८,००० रुपयांनी अधिक असेल तर ती आठ वर्षांत वसूल होईल. पण ज्या घरी ते ३० रात्रीच चालणार, तेथे वर्षाची बचत साडेतीनशेच्याही आत, आणि वसुलीला वीस वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर यंत्रच मोडीत निघेल. तात्पर्य, एकाला जे शहाणपण ते दुसऱ्याला उधळपट्टी. आपले आकडे घालूनच उत्तर काढावे.

आणखी दोन-चार गोष्टी. स्वतंत्र तार, सोळा अँपिअरचा प्लग आणि पक्के अर्थिंग यांवाचून यंत्र बसवू नये. जाळी दर पंधरवड्यास धुवावी. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होताना २४ अंशांवर असतात. ती तेथेच ठेवून पंखा मंद लावावा. प्रत्येक वाढविलेल्या अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ब्युरोचा हिशेब आहे. आत कोणता वायू आहे तेही विचारावे. आर-३२ हा वायू हवेत सुटला तर त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट तापमान वाढवितो. आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, जवळजवळ काहीच नाही, मात्र तो ज्वालाग्राही असल्याने जाणता कारागीरच हवा. दुरुस्तीच्या वेळी वायू मोकळा सोडून देणाऱ्यास थांबविणे हे घरधन्याचे कर्तव्य आहे.

यंत्र उष्णता बाहेर फेकते असे आम्ही वर म्हटले. बाहेर म्हणजे कोठे? पुष्कळदा शेजाऱ्याच्या खिडकीत. आपल्या झोपेसाठी दुसऱ्याची झोप मोडू नये, एवढा विवेक यंत्र बसविण्याची जागा ठरविताना तरी असावा.

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पुष्कळ घरांत एसी येतो तो बैठकीत बसतो, कारण पाहुण्यांस दिसावा. नाहीतर मिळवत्या मुलाच्या खोलीत. आजी मात्र वरच्या पत्र्याच्या खोलीत ओला पंचा डोक्यावर घेऊन रात्र काढते, आणि विचारले तर म्हणते, ‘मला काही होत नाही रे बाबा.’ तिचे ते म्हणणे खरे मानण्याची सोय आपण लावून घेतली आहे. घरात एकच गार खोली परवडत असेल तर ती घरातील सर्वांत अशक्त माणसाची असावी, आणि कडक उन्हाच्या रात्री इतरांनी तेथेच अंथरुणे टाकावीत. पूर्वी सारे घर एका गच्चीवर झोपत असे; आता एका खोलीत झोपले तर बिघडले कोठे?

विद्यार्थिमित्रहो, यंदा तुमच्या घरी ही चर्चा निघाली तर लेबल वाचून दाखविण्याचे काम तुम्ही करा, खोलीची लांबी-रुंदी मोजा, बेरीज-भागाकार करा. आणि हे सर्व झाल्यावर, वडील पैसे मोजण्यापूर्वी, हळूच एवढे विचारा : आजी कोठे झोपणार?